चुंबक, मेंदू आणि हृदयाचे ठोके : नैराश्यावरच्या एका उपचाराची ओळख



आठवीत आपण हृदय आणि नाडी शिकवतो. नववीत चेतासंस्था येते. दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात तारेचं वेटोळं, चुंबक आणि गॅल्व्हानोमीटरचा हलणारा काटा येतो. मुलांना हे तीन पाठ तीन दिशांचे वाटतात. पण नैराश्यावरच्या एका उपचारात हे तिन्ही पाठ एकत्र येतात. डोक्याजवळ धरलेलं वेटोळं मेंदूला हलकेच जागं करतं आणि ते योग्य जागी धरलंय का, हे हृदयाच्या ठोक्यांवरून ओळखायचा प्रयत्न शास्त्रज्ञ करत आहेत. आज ते समजून घेऊ.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. २०१५ साली राज्य सरकारने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केलं, ते यवतमाळ आणि आपल्या जिल्ह्यात. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, आता धाराशिव. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं, पाऊस दगा देतो, भाव पडतो, ही कारणं खरी आहेतच. पण त्यातल्या काही घरांत नैराश्य नावाचा आजारही शिरलेला असतो, आणि तो ओळखला जात नाही. तो ओळखणं आणि त्यावर उपचार आहेत हे सांगणं आपल्या हातात आहे.

नैराश्य म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे

परीक्षेत मार्क कमी पडले, बैल मेला, कुणाशी भांडण झालं, तर कुणालाही वाईट वाटतं. चार दिवसांनी माणूस सावरतो. नैराश्याचा आजार वेगळा असतो. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास राहतं किंवा कशातच गोडी वाटत नाही. त्यासोबत झोप बिघडते, भूक कमी-जास्त होते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, ‘माझ्यामुळेच सगळं वाटोळं झालं’ असं वाटत राहतं, कधी मरणाचे विचार येतात. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिड जास्त दिसते, हे शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावं.

२०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं आढळलं, की आपल्या देशात साधारण वीसपैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा त्रास होतो. मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

उपचारांची सुरुवात समुपदेशन आणि औषधं यांनीच होते आणि अनेकांना त्यानेच बरं वाटतं. पण काहींना एक औषध लागू पडत नाही, बदलून दिलेलं दुसरंही पडत नाही. घरचे कंटाळतात, ‘मन घट्ट कर’ म्हणतात. अशा रुग्णांसाठी जे पुढचे उपचार आहेत, त्यातला एक म्हणजे चुंबकीय उद्दीपन. डॉक्टर त्याला ‘टीएमएस’ म्हणतात.

चुंबक मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

१८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखवलं, की बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत विद्युतधारा निर्माण करतं. ‘बदलतं’ हा शब्द महत्त्वाचा. चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवला तर काटा हलत नाही, चुंबक आत-बाहेर केला की हलतो.

१९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व माणसाच्या मेंदूवर वापरलं. प्लास्टिकच्या आवरणातलं तांब्याचं वेटोळं डोक्यावर धरायचं आणि त्यातून अगदी क्षणभर मोठी विद्युतधारा सोडायची. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात चुंबकीय क्षेत्र उठतं आणि विरतं. त्याची ताकद दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या बरोबरीची. कवटी चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरवरच्या चेतापेशींत त्यामुळे छोटी विद्युतधारा तयार होते आणि त्या पेशी संदेश पाठवू लागतात. तार आपल्या प्रयोगशाळेतलीच, फक्त गॅल्व्हानोमीटरच्या जागी मेंदू आला.

इथे दोन गैरसमज दूर करू.

१. हा शॉक नाही. टीएमएसमध्ये रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो, भूल लागत नाही. टक-टक असा मोठा आवाज होतो म्हणून कानात बोळे घालतात. डोक्याच्या कातडीवर टिचक्या मारल्यासारखं वाटतं, कधी डोकं दुखतं. फिट येण्याचा धोका फार कमी, पण असतो, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करतात. डोक्यात धातूचं उपकरण बसवलेलं असेल तर करत नाहीत. (शॉकच्या उपचारांनाही उगाच घाबरू नये. गंभीर नैराश्यात ते उपयोगी पडतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ते करायला बंदी आहे.)

२. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे, माळा, गाद्या यांचा या उपचाराशी काडीचा संबंध नाही. ते स्थिर चुंबक. फॅरेडेचा काटाच त्यांनी हलत नाही, तर मेंदू कुठून हलणार?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली नैराश्यासाठी टीएमएसला परवानगी दिली. सुरुवातीला एका बैठकीला साडेसदतीस मिनिटं लागत. २०१८ साली कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं, की तीन मिनिटांची नवी पद्धतही तेवढीच उपयोगी पडते. मात्र एका बैठकीत काम होत नाही. आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे, रोज जावं लागतं.

खरी अडचण : वेटोळं नेमकं कुठे धरायचं?

नैराश्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागातली, डाव्या कपाळाच्या वर येणारी एक जागा निवडतात. नियोजन करणं, लक्ष देणं, भावनांना आवर घालणं अशा कामांत ती भाग घेते. पण ही जागा बाहेरून दिसत नाही, आणि तिथे चुंबकाची टिचकी बसली तरी रुग्णाला ‘हं, इथेच!’ असं काही जाणवत नाही.

मेंदूचा एक भाग मात्र लगेच उत्तर देतो. हाताच्या हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या जागेवर वेटोळं धरलं की समोरच्या हाताचा अंगठा उडतो. म्हणून डॉक्टर आधी अंगठ्याची जागा शोधतात आणि पूर्वीच्या रीतीनुसार तिथून सरळ ५ सेंटिमीटर पुढे सरकतात. अंगठा उडायला जेवढी ताकद लागली, त्यावरून उपचाराची ताकदही ठरवतात.

आता विचार करा, इयत्तेवरून गणवेशाचं माप ठरवलं तर काय होतं? सातवीतल्या एकाला बाह्या लांब होतात, दुसऱ्याची बटणं लागत नाहीत. डोक्यांचंही तसंच. लहान डोक्यावर ५ सेंटिमीटर पुढे गेलं की एक जागा येते, मोठ्या डोक्यावर दुसरी. शिवाय कवटीची जाडी वेगळी, मेंदूच्या घड्या वेगळ्या. या रीतीत अनेकांच्या बाबतीत वेटोळं हव्या त्या जागेच्या मागेच राहतं, असं पुढे लक्षात आलं. डोक्याचं माप घेऊन जागा काढायच्या सुधारित पद्धती आल्या, पण त्याही बाहेरूनच अंदाज करतात.

दुसरा मार्ग एमआरआयचा. प्रत्येकाच्या मेंदूचं चित्र काढून जागा ठरवायची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या अशा एका पद्धतीला तिथे २०२२ साली परवानगी मिळाली. त्यात दिवसाला दहा बैठका घेऊन पाच दिवसांत उपचार संपवतात. पद्धत चांगली, पण त्यासाठी विशेष एमआरआय, संगणक आणि जाणकार माणसं लागतात. सगळ्यांना ते परवडणारं नाही.

मग हृदय मध्ये कुठून आलं?

कपाळामागची ही जागा एकटी काम करत नाही. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही भागांच्या मधे, एक छोटा भाग आहे. नैराश्यात त्याचं काम बिघडलेलं दिसतं. चुंबक तिथपर्यंत थेट पोहोचत नाही, पण वरच्या जागेचे धागे त्याच्याशी जोडलेले आहेत. हे धागे ज्या ठिकाणी चांगले जुळलेले असतात, तिथे उद्दीपन दिलं तर उपचार जास्त लागू पडतो, असं २०१२ पासूनच्या अभ्यासांतून पुढे आलं. या खोल भागापासून निघणारे संदेश खाली मेंदूच्या देठापर्यंत आणि तिथून ‘व्हेगस’ नावाच्या चेतेतून हृदयापर्यंत जातात.

व्हेगस चेता हृदयाचा लगाम आहे. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केली, त्याचे ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर त्याचेही ठोके मंदावले! चेता रसायनांच्या मार्फत संदेश देतात हे त्यातून कळलं आणि १९३६ साली लोवींना नोबेल पारितोषिक मिळालं. (चेतासंस्था शिकवताना हा प्रयोग जरूर सांगा. मुलं कान टवकारतात.)

आता सगळे दुवे जोडू : कपाळामागची जागा → खोलवरचा भाग → व्हेगस चेता → हृदय. मग वरच्या टोकाला चुंबकाने उद्दीपन दिलं, तर खालच्या टोकाला ठोके थोडे मंदावायला हवेत. तसं होतं का?

२०१७ साली नेदरलँड्समधल्या ताबिता इसेगर, मार्टिन आर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी माणसांवर हे तपासून पाहिलं. डोक्यावरच्या वेगवेगळ्या जागी उद्दीपन दिलं आणि छातीवरून हृदयाची नोंद घेतली. कपाळाकडच्या जागांवर ठोके मंदावले. हालचालींच्या पट्ट्यावर तसं झालं नाही. आणि ठोके कुठे सर्वांत जास्त मंदावतात, ती नेमकी जागा माणसागणिक थोडी वेगळी निघाली.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. विहिरीवर मोटर चालू करणाऱ्याला शेताच्या दुसऱ्या टोकाला पाणी पोहोचलं का, ते दिसत नाही. वाटेत पाइप निसटलेला असू शकतो, कॉक भलताच उघडलेला असू शकतो. म्हणून एक माणूस टोकाला उभा राहतो आणि ‘आलं रे आलं!’ म्हणून ओरडतो. हृदय हा तो टोकाला उभा असलेला माणूस. अंगठा उडाला तर एवढंच कळतं, की मोटर चालू आहे. ठोके मंदावले तर कळतं, की पाणी आपल्याच वाफ्यात गेलं.

नुसतं ‘मंदावलं’ म्हणून कसं चालेल?

ठोके तर श्वासानेही बदलतात, खोकल्याने, भीतीने, हातपाय हलवल्यानेही बदलतात. मग चुंबकामुळे झालेला बदल ओळखायचा कसा? त्यासाठी संशोधकांनी तालाची युक्ती वापरली.

उद्दीपन काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, असं साधारण १५ सेकंदांचं चक्र पुन्हा पुन्हा देतात. धागा जुळला असेल तर ठोक्यांच्या आलेखातही त्याच १५ सेकंदांची लाट दिसू लागते. चालू केलं की मंद, बंद केलं की पूर्ववत. खोकला किंवा भीती अशी बरोबर १५ सेकंदांनी येत नाही. भजनात टाळ एका ठेक्यात असला की गर्दीच्या आवाजातूनही तो वेगळा ओळखू येतो, तसंच हे. याला ते ‘हृदय-मेंदू जुळणी’ अशा अर्थाचं नाव देतात.

याचा उपयोग दोन गोष्टींसाठी होऊ शकतो :

• जागा ठरवण्यासाठी : दोन-तीन जागा तपासायच्या आणि जिथे लाट सर्वांत स्पष्ट दिसते ती निवडायची.
• ताकद ठरवण्यासाठी : ताकद हळूहळू वाढवत न्यायची आणि लाट कुठे सुरू होते ते पाहायचं. अंगठ्याची जागा वेगळी आणि कपाळामागची वेगळी. एकीवरून दुसरीची ताकद ठरवण्यापेक्षा, हव्या त्या जागेलाच विचारणं केव्हाही बरं.

इथे सावध राहायला हवं

ठोके मंदावले म्हणजे आजार बरा झाला, असा अर्थ होत नाही. पाणी वाफ्यात पोहोचलं म्हणजे पीक हातात आलं, असं नसतं. ही खूण फक्त रस्ता बरोबर आहे एवढंच सांगते. अशी जागा निवडल्याने रुग्ण जास्त प्रमाणात बरे होतात का, हे मोठ्या तुलनात्मक अभ्यासांतून सिद्ध व्हावं लागतं. त्यामुळे ही पद्धत आज संशोधनाच्या टप्प्यावर आहे, नेहमीचा उपचार म्हणून नाही. काही औषधंही ठोक्यांवर परिणाम करतात. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी दिलेल्या काही गोळ्या ठोके मंद करतात, म्हणून अशी तपासणी करताना डॉक्टरांना सगळ्या गोळ्या सांगाव्याच लागतात.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. मनगटावरच्या घड्याळात ठोके दिसतात म्हणून त्यावरून मुलाला नैराश्य आहे की नाही हे ठरवू नका. नाडीवरून नैराश्याचं निदान होत नाही. निदान बोलण्यातून, लक्षणांतून आणि तज्ज्ञाच्या तपासणीतून होतं.

परंड्याच्या माणसाला याचं काय?

टीएमएसची यंत्रं मोठ्या शहरांत असतात. परंडा तालुक्यातल्या एखाद्या माणसाला हा उपचार घ्यायचा झाला तर सोलापूर, पुणे, मुंबई असं कुठेतरी राहावं लागणार. रोज एक बैठक, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. सोबत घरातलं एक माणूस. म्हणजे दोघांची रोजंदारी बुडाली, काढणी दुसऱ्यावर टाकली, खोलीचं भाडं, जेवणखाण वेगळं.

एवढं करून महिन्याभराने कळलं की ‘फरक पडला नाही’, तर? शहरातला माणूस पुन्हा प्रयत्न करेल. आपला माणूस परत जाईलच असं नाही. उलट गावात बोलबाला होतो, की मोठ्या दवाखान्यातही काही झालं नाही, आता काय राहिलं! हे वाक्य नैराश्याच्या रुग्णासाठी फार घातक आहे. म्हणून नेम बरोबर लागणं ही आपल्या माणसाच्या दृष्टीने नुसती शास्त्रीय बारीकसारीक बाब राहत नाही. पहिल्याच दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात वेटोळं बरोबर जागी आहे का ते तपासता आलं, तर त्याचा महिना वाया जाण्याची भीती कमी होईल. आणि ही तपासणी ईसीजीसारख्या साध्या साधनाने होते. ईसीजी तर तालुक्याच्या ठिकाणीही काढतात. एमआरआयच्या मानाने तो किती तरी स्वस्त आहे. या संशोधनाकडे लक्ष ठेवायचं ते यासाठी.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. मेंदूतल्या एका जागेला हात लावला की हृदय उत्तर देतं. म्हणजे मन, मेंदू आणि अंग वेगळे नाहीत. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून ज्याला आपण गप्प बसवतो, त्याचा आजार शरीरातल्या खऱ्याखुऱ्या धाग्यांशी जोडलेला असतो. मधुमेह झालेल्याला आपण ‘साखर मनाने कमी कर’ असं म्हणत नाही. इथेही म्हणू नये.

वर्गात करून पाहण्यासारखं

१. वेटोळं आणि चुंबक : तांब्याच्या तारेचं वेटोळं गॅल्व्हानोमीटरला जोडा. चुंबक आत स्थिर धरा, मग हळू हलवा, मग जोरात हलवा. काटा केव्हा जास्त हलतो, ते मुलांना वहीत लिहू द्या.

२. श्वास आणि नाडी : मुलांना शांत बसवा. मनगटावर नाडी शोधायला सांगा. सावकाश श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होतात का? हा व्हेगसचा लगाम. सगळ्यांना जाणवेलच असं नाही. कुणाच्याही ठोक्यांवरून चेष्टा होणार नाही, याकडे लक्ष द्या.

३. डोक्यांचं माप : टेपने प्रत्येकाच्या डोक्याचा घेर मोजा, सरासरी काढा आणि स्तंभालेख करा. मग विचारा, ‘सगळ्यांसाठी ५ सेंटिमीटर हा एकच नियम पुरेसा आहे का?’ गणित आणि विज्ञान एकाच तासात होईल.

पालक आणि शिक्षकांनी लक्षात ठेवायचं

• दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प, चिडचिडं किंवा सगळ्यातून अंग काढून घेणारं वाटलं, तर आधी शांतपणे ऐकून घ्या. सल्ला नंतर.
• ‘मरावंसं वाटतं’ असं कुणीही म्हटलं, तर ते नाटक समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि घरातली कीटकनाशकं व गोळ्या कुलपात ठेवा.
• ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास चालू असते. क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि मराठीतून बोलता येतं. वर्गाच्या फलकावर हा क्रमांक कायमचा लिहून ठेवा.
• औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. एकाने फरक पडला नाही तर डॉक्टरांना तसं सांगा, पुढचे मार्ग असतात.
• टीएमएस मुख्यतः प्रौढांसाठी आहे. अमेरिकेत २०२४ साली एका यंत्राला १५ वर्षांपुढच्या मुलांसाठी, इतर उपचारांच्या जोडीने, परवानगी मिळाली. आपल्या मुलासाठी काय योग्य, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील.
• कुणी टीएमएस सुचवला तर बिनधास्त विचारा : जागा कशी ठरवणार? ताकद कशी ठरवणार? किती बैठका? एकूण खर्च किती? फरक पडतोय हे केव्हा आणि कसं कळेल?

हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. वर्गात प्रश्न विचारणारं मूल आपल्याला आवडतं, तसं दवाखान्यात प्रश्न विचारणारा नातेवाईकही चांगल्या डॉक्टरला आवडतो.

लेख आवडला तर शाळेच्या पालकसभेत वाचून दाखवा. वरच्यापैकी एखादा उपक्रम करून पाहिलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले, तेही जरूर कळवा. पुढच्या पाठात त्यांची उत्तरं शोधू.